तोफेला मुलकी मुखवटा

युद्धकाळात अंतराळ स्थानकावर हुकूम कोणाचा, लष्कराचा की मुलकी खात्याचा? शीतयुद्धात सोव्हिएत संघाने हा पेच सुबकपणे सोडवला: हुद्दे लष्कराचे, पाटी मुलकी.

व्लादिमीर चेलोमेई यांच्या संस्थेने हेरगिरीसाठी 'अल्माझ' हे लष्करी स्थानक आखले. चंद्राची शर्यत हरल्यावर मात्र सरकारला जगापुढे घाईने काहीतरी मिरवायचे होते. मग प्रतिस्पर्धी संस्थेने अल्माझचे सांगाडे उचलले, त्यात सोयूझची यंत्रे बसवली आणि १९७१मध्ये 'साल्यूत १' आकाशात गेले. आयत्या बिळावरचा हा नागोबा मुलकी होता, एवढेच!

१९७४मध्ये एक खरे अल्माझ उडाले, तर त्याचे नाव ठेवले 'साल्यूत ३'. या 'शांततामय' स्थानकात राहायला गेले दोन लष्करी अधिकारी. सोबतीला टेहळणीचा भलामोठा कॅमेरा आणि चक्क एक तोफ. तोफ पक्की बसवलेली, त्यामुळे नेम धरायचा तर अख्खे स्थानकच वळवायचे. हादऱ्यांची धास्ती अशी, की माणसे आत असताना ती डागलीच नाही. जानेवारी १९७५मध्ये रिकाम्या स्थानकावरून, जमिनीवरच्या आदेशाने गोळे झाडले आणि पाठोपाठ स्थानकही पाडले.

शत्रू समोर नव्हताच. जपायचे होते ते आपल्याच अधिकाऱ्यांना. लष्कर आणि मुलकी खाते यांचे एकमत व्हायचे, तर स्थानकात कोणीही नसलेले बरे. धोरण म्हणून हे वाईट नाही. फक्त जरा महाग पडते.