भूलवाले सर

नांदेडहून अर्धापूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर रात्री दोन वाजता केळीच्या ट्रकांना हुलकावणी देत एखादी जुनी गाडी सुसाट जाताना दिसली, तर आत भूलवाले सर आहेत असं खुशाल समजावं. त्यांना स्वतःचं हॉस्पिटल नसतं, दारावर पाटी नसते. डिकी असते. तिच्यात मॉनिटर, औषधांचा डबा, सगळ्या मापांच्या ट्यूबा आणि घडी न मोडलेला ट्रॅकसूट. ऑपरेशन पार पडलं की पेढे सर्जनला मिळतात आणि सरांकडे बघून नातेवाईक सिस्टरला विचारतात, "हे कोण?" बिलाची घासाघीस मात्र नेमकी त्यांच्याच रकमेवर होते. "नुसतं झोपवायचे एवढे? आमचं पोरगं तर जेवलं की फुकटात झोपतंय!"

या धंद्यात माणसाची नजर बिघडते. लग्नात आपण नवरदेवाचा सूट बघतो, सर हनुवटी बघतात. आखूड मान, आत गेलेली हनुवटी, पुढे आलेले दात दिसले की हातातली जिलेबी थांबते आणि ते बायकोच्या कानात सांगतात, "हा अवघड आहे." हे एकदा नवरीच्या मामाच्या कानावर गेलं आणि मुलाच्या गावात चौकशा सुरू झाल्या. पंगतीत कुणी तोंड न झाकता जांभई दिली, तर सर लगेच एक ते चारमधला नंबर देऊन मोकळे. आ केल्यावर पडजीभ किती दिसते यावरून श्वासाची नळी टाकणं कितपत जड जाईल याचा अंदाज बांधायची ही पद्धत १९८५ मध्ये डॉ. मल्लमपती यांनी बॉस्टनमध्ये मांडली. ते मूळचे आंध्रातले, म्हणून सर त्यांचा उल्लेख "आपले शेजारी" असाच करतात.

या शेजाऱ्यांचाही हिशेब आपल्याकडचा गुटखा चुकवतो. राज्यात बंदी २०१२ पासून. जबडे मात्र अजून आखडतातच. तोंडात तीन बोटं उभी मावली पाहिजेत, इथं दीडच जातात. "तोंड उघडा." "उघडलंच की सर!"

तर अशा तोंडांसाठी सरांनी कोरोनात कर्ज काढून व्हिडिओ लॅरिंगोस्कोप घेतला. पेशंटच्या तोंडापासून आपलं तोंड लांब ठेवा, असा तेव्हा सगळीकडून धोशा होता. त्याआधीची उभी हयात त्यांनी मॅकिंटॉशच्या वाकड्या पात्यावर काढली होती. १९४३ चं डिझाइन. जीभ बाजूला सारायची, जबडा उचलायचा, मान वाकवून एका रेषेत बघायचं आणि स्वरतंतूंच्या फटीतून ट्यूब सारायची. त्यातली खरी गंमत अशी, की आतलं फक्त सरांनाच दिसायचं. ते "दिसलं" म्हणाले की दिसलं. साऱ्या ओटीत सर्जनला "थांबा जरा" म्हणता येईल असं हे एवढंच अर्धं मिनिट, आणि ते त्यांच्या मालकीचं होतं.

नव्या यंत्रात पात्याच्या टोकाला कॅमेरा आणि वर स्क्रीन. स्वरतंतू टीव्हीवर! आता मालकी सगळ्यांची. वॉर्डबॉय मामा ऑक्सिजनच्या सिलिंडरला टेकून म्हणतात, "सर, जरा डावीकडं घ्या." सिस्टर म्हणतात, "अहो, चांगलं दिसूलालंय की!" हात धुऊन ताटकळलेला सर्जन म्हणतो, "समोर तर आहे, घाला ना." दिसतं तिथं ट्यूब जातेच असं नाही, हे या मंडळींना कोण सांगणार? जास्त बाक असलेल्या पात्याचा कॅमेरा कोपऱ्यापलीकडचं बघतो, पण ट्यूब आपल्या सरळ स्वभावानं पुढं जाऊन अडते. तिच्यात तार घालून तिला अर्धापुरी केळ्यासारखा बाक द्यावा लागतो. तेवढा वेळ स्क्रीनवर फट दिसत राहते, ट्यूब बाजूला धडकत राहते आणि ओटीतल्या प्रत्येकाला वाटतं, आपण टाकली असती. २००१ मध्ये ग्लाइडस्कोप नावाचा असाच व्हिडिओ लॅरिंगोस्कोप बाजारात आणणारे कॅनडाचे जॉन पेसी सर्जन होते, हे कळल्यापासून तर सरांचा संशयच फिटला.

यंत्र चांगलं आहे हे ते नाकारत नाहीत. दीड बोटाच्या जबड्यात त्याच यंत्रानं लाज राखलीय. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या इमर्जन्सी विभागांत आणि आयसीयूत झालेल्या मोठ्या चाचणीत पहिल्याच प्रयत्नात ट्यूब पडण्याचं प्रमाण व्हिडिओनं ८५ टक्के भरलं, जुन्या पात्यानं ७१. एका तरुण भूलतज्ज्ञानं हे आकडे तोंडावर फेकले, तेव्हा सर शांतपणे म्हणाले, "ट्यूब टाकणारे बहुतेक शिकाऊ होते. खाली वाचा." ते खरंही आहे. मलाही आधी ठाऊक नव्हतं.

पण परवा रात्री अपेंडिक्सच्या केसला स्क्रीन उघडला आणि चार्जिंग शून्य. चार्जर नांदेडला, घरी. सर्जनचा चेहरा पडला. सरांचा खुलला. पिशवीच्या तळातून जुनं पातं निघालं, बल्ब लागला, सर वाकले. मामा पुढं सरकले, सिस्टरनी टाचा उंचावल्या. कुणाला काही दिसेना.

"सर, दिसलं का?"

"दिसलं."

"काय दिसलं?"

"मामा, तुम्ही ट्यूब द्या."