घर्षण नगण्य मानणारे गृहस्थ

भौतिकशास्त्राच्या निवृत्त अध्यापकाची ओळख वाचकांना करून द्यावी लागत नाही. ग्वाल्हेरच्या जयेंद्रगंजात राहणारा त्याचा मराठी अवतार एकटा असताना निरुपद्रवी असतो, परंतु समव्यवसायी भेटला की अनावर होतो. 1984 साली डॉ. डी. पी. खंडेलवाल यांच्या पुढाकाराने ‘इंडियन असोसिएशन ऑफ फिजिक्स टीचर्स’ ही संघटना स्थापन झाल्यावर एकमेकांच्या चुका काढण्याच्या या वर्गाच्या जुन्या हौसेला अखिल भारतीय अधिष्ठानही लाभले. चहा अधिक काळ गरम राहावा म्हणून दूध आधी घालावे की नंतर, यावर असे दोघे चहा निवेपर्यंत वाद घालतात. घरात दूध चहाबरोबरच उकळले जाते, ही बाब दोघेही नगण्य मानतात.

नगण्य मानणे हा या गृहस्थांचा स्थायीभाव होय. घर्षण, म्हणजे एकमेकांवर सरकणाऱ्या पृष्ठभागांचा गतीला होणारा विरोध, पाठ्यपुस्तकात उदाहरण सुटावे म्हणून शून्य धरतात. हे मात्र सासू-सुनेतलेही शून्य धरतात, मुलीच्या लग्नाच्या अंदाजपत्रकात मानपान वगळतात, स्टेशनवर पोहोचण्याच्या हिशेबातून रस्त्यावरची गर्दी वजा करतात आणि गाडी चुकल्यावर गणित बरोबर असल्याचे फलाटावर सिद्ध करून दाखवतात.

1874 साली बांधलेल्या जयविलास राजवाड्यात प्रत्येकी सुमारे साडेतीन टनांची दोन झुंबरे टांगण्यापूर्वी छताची ताकद अजमावण्यासाठी त्यावर हत्ती चढवले होते, ही आख्यायिका पाहुण्यांना अभिमानाने सांगण्याचा ग्वाल्हेरी रिवाज आहे. हे गृहस्थ मात्र हत्ती उभे होते की चालत होते असे विचारतात, कारण स्थिर भार, म्हणजे जागच्या जागी टेकलेले वजन, आणि चालत्या पावलांचा भार छताला सारखा जाणवत नाही. पाहुण्याची चुळबुळ अर्थातच नगण्य.

तरीही नाइलाजाने एक गोष्ट मान्य करावी लागते. आरसा डावे-उजवे बदलतो, तर वर-खाली का बदलत नाही, असे शिकवणीवर्गात झटपट पर्याय निवडायला शिकलेल्या एखाद्या मुलाने चुकून विचारलेच, तर ‘हे परीक्षेत येत नाही’ असे न सांगणारा माणूस आसपास हाच उरलेला असतो. तो भिंतीवरचा आरसा उतरवतो, मुलाला उत्तरेकडे तोंड करून उभा करतो आणि आरसा डावे-उजवे मुळी बदलतच नाही, पुढचे-मागचे तेवढे उलटवतो, हे पटेपर्यंत जेवणाची वेळ टळू देतो. रात्री त्याला स्वतःच्याच मांडणीत एक फट दिसते. ती सांगण्यासाठी तो सकाळी मुलाच्या घरी जातो, तोवर मुलगा शिकवणीला गेलेला असतो.