पाटीकाका

गाडी रस्त्यानं चाललेली असताना बाकीची माणसं सिग्नल बघतात, पुढचा ट्रक बघतात, पेट्रोलचा भाव बघतात. पाटीकाका निळ्या रंगावरची पिवळी अक्षरं बघतात. पेनसिल्व्हेनिया राज्याच्या इतिहास आयोगानं १९४६पासून रस्तोरस्ती अशा पाट्या उभ्या केल्या, आता त्या २,५०० च्या वर गेल्या आहेत. पिट्सबर्ग शहर आणि त्याच्या नद्यांकाठची पोलादाची गावं ज्या ॲलेगेनी काउंटीत येतात, तिथं तर दर वळणावर काहीतरी घडून गेलेलं आहे. नेमकी तिथंच काकांच्या मुलाला नोकरी लागली. काका-काकू डोंबिवलीहून उन्हाळ्यात येतात आणि परत जाईपर्यंत मुलाच्या गाडीचे ब्रेक-पॅड बदलायला झालेले असतात.

"थांब, थांब, थांब!" हे तीनदा, चढत्या आवाजात. मुलगा आरशात बघत गाडी कडेला घेतो, चारी दिवे लुकलुकत ठेवतो. काका सावकाश उतरतात, लांबचा चष्मा काढून जवळचा लावतात आणि मोठ्यानं वाचायला लागतात. पाटीच्या माथ्यावर राज्याचं चिन्ह असतं, त्यात दोन घोडे आहेत. आधी घोडे बघून होतात. मग शीर्षक, मग मजकूर, आणि शेवटी तळाचं 'पेनसिल्व्हेनिया हिस्टॉरिकल अँड म्युझियम कमिशन' हेसुद्धा, आरतीनंतर मंत्रपुष्पांजली म्हणावी तसं, एक अक्षर न गाळता. झालं एकदाचं म्हणून मुलगा सीटबेल्ट लावतो, तोवर काका पाटीच्या मागच्या बाजूला गेलेले असतात. बहुतेक पाट्यांवर दोन्हीकडे तोच मजकूर असतो. हे त्यांनाही ठाऊक आहे. "बहुतेक ना? सगळ्या नाहीत ना?" असं विचारून ते दुसरी बाजूही वाचतात.

हा माणूस आपल्याला नवा नाही. बाकीचे धापा टाकत शिवनेरी चढत असताना पायथ्याशी पुरातत्त्व खात्याचा फलक शेवटच्या दंडाच्या कलमापर्यंत वाचत उभा असतो, तो हाच. मंगल कार्यालयात शिरल्यावर पंगतीआधी कोनशिलेवर कोणत्या मंत्र्याचं नाव आहे ते बघून येणाराही हाच. त्याला इतिहासाची आवड असते असं आपण उगाच समजतो. त्याला लिहिलेल्याची आवड असते. सरकारनं धातूत ओतून खांबावर चढवलं म्हणजे ते घडलं. आणि जिथं पाटी नाही, तिथं काकांच्या हिशेबी आजवर काही झालेलंच नाही.

ब्रॅडॉकची गोष्ट घ्या. मोनोंगाहेला नदीकाठचं गाव. ९ जुलै १७५५ रोजी इथं जनरल ब्रॅडॉकच्या इंग्रज फौजेची फ्रेंचांनी आणि त्यांच्या बाजूनं लढणाऱ्या मूळ अमेरिकन योद्ध्यांनी दाणादाण उडवली. २३ वर्षांचा जॉर्ज वॉशिंग्टन त्या फौजेत होता. त्याचे दोन घोडे मांडीखाली ठार झाले, कोटातून चार गोळ्या गेल्या आणि त्याला ओरखडाही आला नाही. पुढं त्याच रणांगणावर अँड्र्यू कार्नेगीनं पोलादाचा कारखाना घातला, तो १८७५ मध्ये सुरू झाला. कारखान्याला नाव दिलं एडगर थॉमसनचं. हे थॉमसन पेनसिल्व्हेनिया रेलरोडचे अध्यक्ष, आणि कारखान्यात बनणार होते रेल्वेचे रूळ. गिऱ्हाइकाच्या नावानं दुकान! काका यावर बेहद्द खूश. "आपल्याकडच्या कंत्राटदारांची धाव दिवाळीच्या मिठाईपुढे गेली नाही कधी," असं म्हणून त्यांनी मांडीवर थाप मारली.

ही सगळी हकीकत ते पाटीसमोर उभं राहून मला समजावून देत होते तेव्हा त्यांच्या पाठीमागं तोच कारखाना चालू होता. अजून चालतो. वाफेचे ढग उठत होते, वाघिणी एकमेकींवर आदळत होत्या, नाकात तापल्या लोखंडाचा वास बसला होता. मी म्हटलं, "काका, मागं बघा. चालू आहे तो अजून."

काकांनी मान अर्धी वळवली. "हो का? वा." आणि शेवटची ओळ राहिली होती ती वाचून टाकली.

काकूंचं निराळं आहे. काकू लालबागच्या, वडील गिरणी कामगार. त्या पाट्यांसाठी गाडीतून उतरत नाहीत, काच खाली करून ऐकतात. होमस्टेडला मात्र उतरल्या. तिथं १८९२ मध्ये कारखान्याला टाळं लागलं होतं आणि ६ जुलैच्या पहाटे ३०० पिंकर्टनवाले, म्हणजे भाडोत्री पहारेकरी, दोन बार्जमधून नदीमार्गे ताबा घ्यायला आले. कामगार काठावर तयारच होते. गोळीबार झाला, दोन्हीकडची माणसं मेली, पहारेकरी शरण आले. मग राज्यानं ८,५०० सैनिक धाडले आणि युनियन मोडली. पहारेकरी आणले होते ते कारखान्याचा कारभार बघणाऱ्या हेन्री फ्रिकनं. मालक कार्नेगी त्या वेळी स्कॉटलंडात होते. मालकानं अशा वेळी कुठं असावं हे तिकडंही ठरलेलं दिसतं.

कारखाना १९८६ मध्ये बंद पडला. आता तिथं मॉल आहे. सिनेमा, हॉटेलं, कपड्यांची दुकानं, आणि ओळीनं उभ्या १२ चिमण्या, ज्यांच्याखाली भट्टी उरलेली नाही. काका वाचायला लागले. काकूंनी बोटानं चिमण्या मोजल्या.

"आपल्याकडं फिनिक्स मिलची ठेवली ना एक, तशाच या. यांनी बारा ठेवल्या. मॉल मात्र सारखाच."

"अगं, इथं मोठा संप झाला होता."

"आमच्याकडंही झाला होता. १८ जानेवारी, ब्याऐंशी साल. मला पाटी लागत नाही." आणि त्या बूट बघायला दुकानात गेल्या.

युनियन मोडल्यावर काही वर्षांनी, १८९८ मध्ये, कार्नेगीनं त्याच गावाशेजारी टेकडीवर कामगारांसाठी वाचनालय उघडलं. आत नाट्यगृह, पोहायचा तलाव. काका भारावले. "काय मन असेल बघ माणसाचं!"

काकू म्हणाल्या, "बारा तास भट्टीपुढं उभा राहून आलेला माणूस पोहायला कधी जायचा हो?"

काकांनी दारावरचं होतं नव्हतं तेवढं पुन्हा वाचून काढलं. "ते लिहिलेलं नाही," ते म्हणाले. म्हणजे प्रश्न बाद.

काकांनी इतिहासाशी वाद घातलेला मी एकदाच पाहिला, विल्मर्डिंग गावात. जॉर्ज वेस्टिंगहाउसचा एअर ब्रेकचा कारखाना इथला. काकांची उभी हयात रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये व्हॅक्यूम ब्रेकच्या सिलिंडरात डोकं घालून गेली, त्यामुळं हा त्यांचा प्रांत. वेस्टिंगहाउसला २२ व्या वर्षी, १८६९ मध्ये, पेटंट मिळालं, असं कौतुकानं म्हणण्याचा अवकाश, काका उसळले. "एकोणसत्तरचा ब्रेक कामाचा नव्हता! नळीत हवा सोडली की ब्रेक लागायचा. मधेच डबे तुटले तर? हवा गेली, ब्रेक गेला! खरा ब्रेक बहात्तरचा. त्यात उलटं केलं. नळीत दाब कायम ठेवायचा, आणि दाब गेला की ब्रेक लागलाच पाहिजे. डबा तुटला तरी जागच्या जागी थांबतो." पदपथावर त्यांनी छत्रीच्या टोकानं झडप, टाकी, सिलिंडर असं सगळं काढून दाखवलं. कुत्रं फिरवणाऱ्या एक बाई थांबून ऐकत होत्या. मराठीत चाललं होतं, पण शेवटी त्यांनी मान डोलावली. माझ्या मते काकांनी अमेरिकेत येऊन सांगितलेला तेवढाच इतिहास खरा त्यांचा, आणि नेमका त्याच वेळी ते पाटीकडं पाठ करून उभे होते.

बाकी फुटकळ माल पुष्कळ. पिट्सबर्गच्या स्पेलिंगमधला शेवटचा एच सरकारी मंडळानं १८९१ मध्ये काढून टाकला आणि १९११ मध्ये लोकांना परत दिला, हे ते भेटेल त्याला सांगतात. हाइन्झनं '५७ प्रकार' छापलं तेव्हा त्याच्याकडं ६० च्या वर प्रकार होते, हे कळल्यापासून त्यांनी त्याचं केचप सोडलंय.

सध्या मात्र ध्यास वेगळा आहे. १९०२ मध्ये जमशेटजी टाटा अमेरिकेत आले, पिट्सबर्गच्या ज्युलियन केनेडी या पोलादातल्या जाणत्या इंजिनिअरला भेटले. केनेडीनं त्यांना चार्ल्स पेज पेरिनचं नाव सुचवलं, आणि १९१२ मध्ये साकचीला, म्हणजे आजच्या जमशेदपूरला, पोलाद निघालं. "याची पाटी कुठाय?" काकांना ती अजून सापडलेली नाही. इथं पाटीसाठी कुणीही अर्ज करू शकतो, मात्र विषयाचं महत्त्व पुराव्यानिशी दाखवावं लागतं आणि मजकूर मोजक्या ओळींत बसवावा लागतो. काकांनी मसुदा हाती घेतला आहे. तो १८३९ मध्ये नवसारीला जमशेटजींच्या जन्मापासून सुरू होतो. गेल्या खेपेला मी वाचला तेव्हा पहिलं पान संपून १ जानेवारी १८७७ रोजी नागपुरात एम्प्रेस मिल सुरू झाली होती, आणि पिट्सबर्गला बराच अवकाश होता.

"पाटी नका मागू, भिंत मागा," काकू म्हणाल्या.

काका आता डोंबिवलीला परतलेत, पण मला सुटका नाही. काल निरोप आला: कार्नेगी लायब्ररीत जाऊन १९०२ ची वर्तमानपत्रं बघ, जमशेटजी कोणत्या हॉटेलात उतरले होते ते काढ. हॉटेल पाडलेलं असलं तर उत्तमच, खांब रोवायला जागा मोकळी मिळेल. आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पार्किंग आहे का तेही बघून ठेव.