मूळशोधक कादंबरीकार : आढळ, सवयी आणि विक्री

मूळशोधक कादंबरीकार मॉरिशस बेटावर सर्वत्र आढळतो. त्याचा मराठी प्रकार मुख्यतः वाक्वा, कात्र बोर्न, रोझ हिल आणि कास्कावेल या भागांत दिसतो. नोकरीच्या काळात तो शिक्षक, सरकारी खात्यातला अधिकारी किंवा बँकेचा कॅशिअर असतो आणि त्याच्यापासून कोणालाही उपद्रव नसतो. लक्षणे निवृत्तीनंतर दिसू लागतात. एखाद्या रविवारी जेवणाच्या टेबलावर तो विचारतो, "पणजोबांच्या वडिलांचे नाव काय होते?" कोणालाच सांगता येत नाही. घरातली मंडळी पुन्हा भाताकडे वळतात. तो वळत नाही. दुसऱ्याच आठवड्यात तो मोकाच्या बसमध्ये बसलेला असतो.

मोका येथे महात्मा गांधी संस्था आहे आणि तेथील अभिलेखागारात गिरमिटिया, म्हणजे करारावर आणलेल्या, मजुरांच्या नोंदवह्या जपलेल्या आहेत. २ नोव्हेंबर १८३४ रोजी 'अ‍ॅटलस' जहाजातून कलकत्त्याचे ३६ मजूर पोर्ट लुईस बंदरात आले आणि पुढच्या सात-आठ दशकांत साडेचार लाखांच्या आसपास भारतीय या बेटावर उतरले. त्यांतले काही मुंबई बंदरातून आले. रत्नागिरी, सातारा या बाजूंची माणसे त्यांत होती. सुरुवातीचा करार पाच वर्षांचा आणि पगार महिना पाच रुपये, वर शिधा. एक दिवस खाडा झाला तर दोन दिवसांचा पगार कापला जाई. ज्या धक्क्यावर ही माणसे उतरली तो 'आप्रवासी घाट' २००६ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. प्रत्येक मजुराला एक क्रमांक मिळे आणि क्रमांकापुढे एक ओळ लिहिली जाई. या प्रकारच्या सर्व कादंबऱ्यांचा कच्चा माल ती एक ओळ हाच होय.

ओळीत नाव, वडिलांचे नाव, वय, उंची, जात, गाव, जहाज आणि अंगावरची खूण एवढे असते. लिहिणाऱ्या कारकुनाला मराठी येत नसे आणि सांगणाऱ्याला इंग्रजी. त्यामुळे वडिलांचे नाव पुढच्या सर्व पिढ्यांचे आडनाव होऊन बसते आणि गाव असे लिहिले जाते की ते कोकणातही असू शकते आणि कर्नाटकातही. कादंबरीकार अशा ओळीवर साडेतीनशे पाने उभी करतो. 'उजव्या भुवईवर व्रण' या नोंदीतून वाघाशी झालेली झुंज निघते. ती तीन प्रकरणे चालते. लहानपणी गोठ्याच्या उंबऱ्यावर पडल्याने व्रण झाला असावा, अशी शंका एकाही कादंबरीकाराने आजवर घेतलेली नाही. जातीच्या रकान्यावरून तो हलक्या पावलांनी पुढे जातो आणि 'शेतकरी कुटुंब' एवढे लिहून प्रकरण मिटवतो. पणजी दुसऱ्या जहाजातून, बहुधा दुसऱ्याच भाषेच्या मुलखातून आलेली असते. तिला मात्र पहिल्याच पानापासून अस्खलित मराठी येते.

कथानकाचे टप्पे ठरलेले असतात. दुष्काळ, सावकार, मग गोड बोलणारा दलाल. त्या बेटावर दगड उलटला की खाली सोने सापडते, असे तो सांगतो. ही थाप मॉरिशसच्या लोकस्मृतीत खरोखरच आहे, म्हणून ती प्रत्येक कादंबरीत असते. त्यानंतर वादळ. बेटाच्या नावावरची जुनी गाजलेली कादंबरी म्हणजे बर्नार्दां द सँ-पिएर यांची १७८८ सालची 'पॉल ए व्हिर्जिनी'. तिच्यात जहाज फुटते, तेव्हापासून वादळाशिवाय या बेटावर कथा किनाऱ्याला लागत नाही. पुढे उसाचा मळा, क्रूर गोरा मालक, त्याची मवाळ मुलगी, मारुतीचे छोटे देऊळ, रात्रीचा झाकरी नाच, शाळेत जाणारा नातू आणि १२ मार्च १९६८ चे स्वातंत्र्य. शेवटच्या प्रकरणात एक निवृत्त गृहस्थ मोकाच्या बसमध्ये बसतात.

भाषेचा प्रश्न सुटत नाही. तो फक्त मिटवला जातो. घरात क्रिओल बोलतात, वर्तमानपत्र फ्रेंच वाचतात, सरकारी कागद इंग्रजीत असतात आणि मराठी शाळेत, देवळात व गणेश चतुर्थीला असते. कादंबरी इंग्रजीत लिहिली जाते, संवादात क्रिओल येते आणि अर्पणपत्रिका मराठीत असते. तिच्यातली ऱ्हस्व-दीर्घाची चूक अख्ख्या पुस्तकात फक्त मराठीच्या शिक्षिकेला दिसते आणि ती प्रकाशन समारंभातच दाखवते.

मुखपृष्ठावर ऊस, जहाज, मावळता सूर्य आणि ल मॉर्नचा डोंगर हवाच. खरे पाहता मजूर उतरले वायव्येला पोर्ट लुईसमध्ये आणि ल मॉर्न बेटाच्या पार नैर्ऋत्य टोकाला. शिवाय त्या डोंगराचा इतिहास पळून गेलेल्या गुलामांचा आहे. २००८ मध्ये तो जागतिक वारसा यादीत गेला तो त्यामुळेच. हे कादंबरीकाराला चांगले ठाऊक असते. पण घाटाच्या दगडी पायऱ्या मुखपृष्ठावर उठून दिसत नाहीत आणि डोंगर दिसतो, असे मुखपृष्ठ करणाऱ्या भाच्याचे मत पडते. भाचा पैसे घेत नसल्याने ते मत अंतिम ठरते.

प्रकाशकांकडे हस्तलिखित पाठवण्याचा टप्पा असतो, पण तो छोटा. प्रकाशक उत्तर देत नाहीत किंवा निम्मी पाने कमी करा म्हणतात. निम्मी पाने म्हणजे निम्मे पूर्वज, आणि कोणते अर्धे घराणे गाळायचे हे घरात विचारण्याची कोणाची छाती नसते. त्यापेक्षा निवृत्तीच्या रकमेला हात घालणे सोपे. छापखानेवाला सांगतो की दोनशे प्रतींना जो खर्च येतो त्यात थोडी भर टाकली की पाचशे निघतात. हे गणित आजवर सर्व मूळशोधकांना पटलेले आहे. खोकी गॅरेजमध्ये येतात आणि मोटार बाहेर उन्हात उभी राहू लागते. पत्नी यावर काहीही बोलत नाही. मोटारीचा रंग उडाल्यावर बोलते.

प्रकाशन समारंभ बैठकेच्या, म्हणजे समाजाच्या स्थानिक संस्थेच्या, सभागृहात होतो. प्रमुख पाहुणे राजकारणी असतात. ते उशिरा येतात, पुस्तक उलटे धरून फोटो काढतात आणि रस्तारुंदीकरणावर बोलतात. दीपप्रज्वलन, गणेशवंदना, शाळकरी मुलींचे नृत्य आणि चार भाषणे झाल्यावर लेखकाला पाच मिनिटे मिळतात. तो त्यांत आभार मानतो, म्हणून कादंबरी कशाविषयी आहे हे त्या दिवशी कोणालाच कळत नाही. नंतर गातो पिमा, समोसे आणि व्हॅनिलाचा चहा. गातो पिमा म्हणजे डाळीचे मिरचीवडे. त्यांची पहिली फेरी संपेपर्यंत पुस्तकांच्या टेबलाकडे कोणी फिरकत नाही. दुसऱ्या फेरीत मावशी येते, एक प्रत उचलते आणि पिशवीत टाकते. पैसे घ्यायला बसलेला मुलगा वडिलांकडे बघतो. वडील छताकडे बघतात.

खरी विक्री यानंतर सुरू होते. पुस्तकाच्या दुकानात त्याच्या दोन प्रती पर्यटकांसाठी ठेवलेल्या डोडोच्या चित्रांच्या पुस्तकांमागे उभ्या असतात. दर पंधरवड्याला तो गिऱ्हाईक असल्यासारखा आत शिरतो, त्या पुढे आणतो आणि निघून जातो. मालक त्या परत मागे ठेवतो. दुकानावर भिस्त ठेवून भागत नाही हे कळले की कादंबरीकाराचे लक्ष पुस्तकाच्या शेवटी छापलेल्या वंशावळीकडे जाते. साडेतीनशे पाने लिहिताना त्याने सहा पिढ्यांतले सव्वाशे जिवंत नातेवाईक शोधलेले असतात, फोन नंबरासकट. परदेशातल्या नामवंत लेखकांना जी वितरणव्यवस्था प्रकाशक लावून देतात, ती याला पूर्वजांनी लावून दिलेली असते.

ही व्यवस्था मानपानावर चालते. लग्नात आहेराच्या पाकिटासोबत पुस्तक जाते. गणेश चतुर्थीला, म्हणजे सार्वजनिक सुट्टीच्या दिवशी, तो दर्शनाच्या निमित्ताने एका दिवसात नऊ घरे करतो. मोदक घेतो, पुस्तक ठेवतो. पोर्ट लुईस ते क्युरपिप मेट्रोत शेजारच्या प्रवाशाला तो आधी आडनाव विचारतो. आडनाव ओळखीचे निघाले तर किंमत सांगतो. फारच ओळखीचे निघाले तर किंमत सांगता येत नाही. या धंद्याची मूळ अडचण हीच आहे. जो जवळचा असतो त्याला पुस्तक फुकट हवे असते आणि जो लांबचा असतो त्याला ते नकोच असते. पैसे देऊन घेणारा वर्ग त्यामधला. चुलत-चुलत, मावसभावाच्या सासरकडचे, एका गावातून पण वेगळ्या जहाजाने आलेले. अशांची यादी करून तो संध्याकाळी फोन लावतो आणि पहिली दहा मिनिटे फक्त तब्येत विचारतो.

वाचणारे नातेवाईक पुस्तक पहिल्या पानापासून वाचत नाहीत. ते आधी वंशावळ उघडतात, स्वतःचे नाव शोधतात, मग आपल्या आजोबांचे नाव असलेले पान शोधतात आणि तिथून थेट लेखकाला फोन करतात. "आमचे आजोबा दारू पीत नव्हते." ती कादंबरी आहे, पात्र काल्पनिक आहे, असे तो सांगतो. "मग नाव खरे कशाला घातले?" याला उत्तर नसते. ज्यांची नावे राहून गेली ते अधिक दुखावतात आणि त्यांच्या घरी पुढची दोन वर्षे त्याला चहा बिनसाखरेचा मिळतो.

सर्वांत नाजूक प्रकरण सरदाराचे. मळ्यावर मजुरांच्या टोळीवर देखरेख करणारा भारतीय मुकादम म्हणजे सरदार. कादंबरीत तो मालकाचा चमचा असतो, चाबूक उगारतो आणि शेवटी पश्चात्ताप करून मरतो. इतिहास जरा वेगळा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मळेवाल्यांनी जमिनीचे तुकडे पाडून विकायला काढले तेव्हा ते घेण्याइतका पैसा ज्या भारतीयांपाशी होता, त्यांत हे सरदार पुढे होते. म्हणजे आज ज्या घराकडे उसाची जमीन आहे आणि जे एकरकमी वीस प्रती घेऊ शकते, नेमके त्याच घराचा पूर्वज सरदार निघण्याचा संभव दांडगा. विक्रीच्या तिसऱ्या आठवड्यात हे कादंबरीकाराच्या ध्यानात येते. त्यानंतरच्या प्रत्येक भाषणात तो सरदाराच्या मनातल्या द्वंद्वाविषयी बोलतो.

मार्च २०२४ मध्ये मॉरिशसच्या राष्ट्रीय दिनाला आलेल्या भारताच्या राष्ट्रपतींनी सातव्या पिढीपर्यंतच्या भारतीय वंशाच्या मॉरिशसवासीयांना ओसीआय, म्हणजे 'ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया', कार्ड मिळू शकेल असे जाहीर केले. त्यामुळे कादंबरीला नवा वाचक मिळाला. हा वाचक दुसऱ्या प्रकरणातल्या समुद्रवर्णनाने भारावत नाही. त्याला पणजोबांचा क्रमांक हवा असतो, जहाजाचे नाव हवे असते आणि मोकाला कोणत्या खिडकीवर उभे राहायचे तेवढे हवे असते. कादंबरीकार हे सर्व आनंदाने सांगतो आणि शेवटी म्हणतो की सविस्तर माहिती पृष्ठ २१४ वर आहे. प्रत जाते. पृष्ठ २१४ चा मोबाइलवर फोटो काढला जातो, आणि मग तो फोटो फुकट फिरतो.

प्रचाराचा शेवटचा टप्पा महाराष्ट्रात. कादंबरीकार मुंबईला उतरतो आणि भाड्याच्या गाडीने रत्नागिरीकडे निघतो. नोंदवहीतल्या गावाशी जुळणारी तीन गावे निघतात. तो तिन्ही ठिकाणी जातो आणि तिन्ही ठिकाणची माती पिशवीत घेतो. गावात मंडळी आदराने बसवतात, पाण्याबरोबर गूळ देतात आणि पुढ्यात इंग्रजी पुस्तक आले की एकमेकांकडे बघतात. वंशावळ उलगडली की ओटीवरचे वातावरण बदलते. पावणा भाऊबंद म्हणवतो, कागद घेऊन आलाय, त्यावर सहा पिढ्या लिहिल्यात. म्हणजे जमिनीत हिस्सा मागायला आला. "पावणे, सातबाऱ्यावर तुमच्याकडच्या कोणाचं नाव नाय हो," असे वयोवृद्ध गृहस्थ सावधपणे सांगतात. जमीन नको, फक्त देव्हारा बघायचा आहे, असे पटवता पटवता दुपार होते. पटल्यावर मात्र कोंबडी कापली जाते आणि निघताना आमसुले, कोकम सरबत आणि कुळथाचे पीठ मिळते. विमानात सामानाचे वजन मर्यादेबाहेर जाऊ नये म्हणून उरलेली पंधरा पुस्तके तो गावच्या वाचनालयाला भेट देऊन टाकतो. हिशेबाच्या वहीत ती 'निर्यात' या सदराखाली जातात.

जमाखर्च असा राहतो : छपाईचा खर्च निघत नाही, गॅरेज निम्मे रिकामे होते आणि वंशावळीत सव्वाशेचे दोनशे होतात, कारण तक्रार करायला फोन करणारा प्रत्येक नातेवाईक आणखी चार जणांची नावे सांगतो. दुसऱ्या आवृत्तीसाठी दुरुस्त्या मागवल्या जातात तेव्हा कथानकाबद्दल एकही येत नाही. सगळ्या वंशावळीबद्दल येतात. परिशिष्ट वाढून कादंबरीच्या बरोबरीला येते. छापखानेवाला पाने मोजतो, दर सांगतो आणि कादंबरीचा भाग काढून टाकला तर बरेच स्वस्त पडेल असे सुचवतो. नातेवाइकांना ही सूचना एकमताने मान्य असते आणि आगाऊ नोंदणीत पहिल्यांदाच सर्व प्रतींचे पैसे रोख जमा होतात.