पुणे, सहा जण

रविवारी दुपारी एकच्या सुमाराला कोल्हापुरातल्या एखाद्या नावाजलेल्या मटणाच्या हॉटेलासमोर उभं राहिलं, की गाड्यांच्या पाट्या वाचता वाचता निम्मा महाराष्ट्र पाहून होतो. एमएच १२ आणि १४ तर ठरलेल्याच. ठाणं असतं, नाशिक असतं, बेळगावची केए २२ असते आणि गोव्याहून परतणारी, चाकांना अजून किनाऱ्याची वाळू चिकटलेली एखादी दमलेली गाडी असते. क्वचित दिसते ती एमएच ०९. ती घरी असते. कोल्हापूरकर रविवारी मटण खातो, नेमानं खातो, पण घरी; सकाळी डबा घेऊन दुकानापुढं उभा राहतो आणि दुपारी तुडुंब होऊन आडवा होतो. त्यामुळं त्या दिवशी परगावच्या गाड्यांच्या रांगेत आमची ०९ अंग चोरून शिरली, तेव्हा आपल्याच घराची बेल वाजवून कुणीतरी दार उघडायची वाट पाहावी, तसं मला वाटलं.

निमित्त मावसभावाचं. पुण्याहून तो, त्याची बायको आणि मुलगी असे तिघं पहाटे निघून आले होते. सकाळी अंबाबाई, दुपारी तांबडा-पांढरा, संध्याकाळी रंकाळा, आणि पायांत बळ उरलं तर दुसऱ्या दिवशी जोतिबा-पन्हाळा. आमच्या गावी येणाऱ्या पाहुण्यांचा हा क्रम पंचांगासारखा ठरलेला असतो. देवीपुढं हात जोडताना ज्यांच्या मनात पांढऱ्या रश्शाचा विचार एकदाही डोकावत नाही, असे भाविक असतीलही; आमच्या नात्यात नाहीत. आईनं शनिवारी संध्याकाळीच दोन नारळ आणून ठेवले होते. भावानं ते पाहिले आणि तिचे हातच धरले. "मावशी, तू अजिबात काही करायचं नाहीस. आता आराम कर. आपण सगळे बाहेर जाऊ." त्याच्या बोलण्यात माया होती, नाही असं नाही. आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे आणि त्यातली साठ वर्षं तिनं चुलीपुढं आणि पुढं गॅसपुढं काढली आहेत. ती काही बोलली नाही. नारळ उचलून पुन्हा कोपऱ्यात ठेवले आणि लुगड्याची घडी मोडत म्हणाली, "येतो की मी बी. बघूया तरी, त्यांच्यात कसा करत्यात." आमच्याकडच्या बायका 'मी येतो', 'मी जातो' असंच म्हणतात. पुतणीला दर खेपेला यात गंमत वाटते. तिनं आजीच्या त्या 'येतो'कडं असं पाहिलं, जणू एखादा पैलवानच तयार होऊन निघाला आहे.

हॉटेलाच्या दाराशी एक स्टूल, स्टुलावर वही आणि वहीला सुतळीनं बांधलेलं पेन होतं. पेनाला सुतळी आहे म्हणजे इथं शिकलेली माणसं येतात, हे उघड होतं. मिसरूड फुटू लागलेला एक पोरगा ते सगळं सांभाळत होता. भावानं आपलं आडनाव सांगितलं, पण आडनावं लिहून घ्यायला पोराला सवड नव्हती. त्यानं "कुठनं आलासा?" एवढंच विचारलं आणि लिहिलं : पुणे ६. माझी आई कोल्हापुरात जन्मली, कोल्हापुरातच नांदली, पुण्याला गेली असेल आयुष्यात सात-आठ वेळा, आणि तेही लग्न किंवा ऑपरेशन असेल तरच. त्या वहीत ती एका ओळीत पुण्याची झाली. मी दुरुस्ती करणार होतो, पण तिनंच खुणेनं थांबवलं. गावातल्या माणसानं हॉटेलात मटण खायला रांग लावली, हे कुणाला कळण्यापेक्षा पुण्याचं होणं तिला परवडलं असावं.

आमच्या पुढं पंधरा-वीस गावं होती. पायरीवर, कठड्यावर, गाडीच्या टपाच्या सावलीत माणसं बसली होती. वासाला मात्र नंबर नव्हता; तो आतून मोकळाच बाहेर येत होता आणि आम्हा सगळ्यांच्या नाकांवरून आपुलकीनं हात फिरवून जात होता. मधूनच दार उघडून एखादं जेवलेलं कुटुंब बाहेर पडे. सगळी रांग मग मान वळवून त्यांचे चेहरे निरखी, परीक्षेच्या हॉलमधून पहिल्यांदा बाहेर आलेल्या मुलाला 'कसा होता पेपर?' म्हणून निरखावं तशी. एका गृहस्थांच्या कपाळावर घाम डवरला होता, नाक लाल झालं होतं आणि चेहऱ्यावर अपरंपार समाधान होतं. पेपर अवघड होता, पण सुटला होता.

वाट पाहण्याला या गावात तशी मोठी परंपरा आहे. अंबाबाई पश्चिमेकडं तोंड करून उभी आहे, आणि नोव्हेंबरात नि पुन्हा जानेवारीच्या अखेरीला मावळतीची किरणं महाद्वारातून थेट तिच्यापर्यंत पोचतात. पण पहिल्या दिवशी फक्त पायांपर्यंत. दुसऱ्या दिवशी आणखी वर, आणि तिसऱ्या दिवशी मुखापर्यंत. मधे एखादा ढग आला किंवा कुणाच्या इमारतीचा मजला आडवा आला, तर तेही राहून जातं. सूर्यालासुद्धा जिथं तीन दिवस नंबर लावावा लागतो, तिथं तांबड्या रश्शासाठी तासभर उभं राहायला पुणेकरांनी कुरकुरू नये, असं मी भावाला सांगून पाहिलं. तो दाराजवळचा मोठा फलक वाचण्यात गुंतला होता. "यात व्हेज कोल्हापुरी कसं नाही?" त्यानं विचारलं. आता त्याला काय सांगणार? जन्म या गावात काढूनही मी व्हेज कोल्हापुरी पहिल्यांदा खाल्ली ती नाशिकला, एका लग्नानंतर. लाल तवंगाखाली फ्लॉवर आणि गाजर गुदमरून पडलं होतं. आमच्या कुठल्याच घरात ती भाजी होत नाही. गावाचं नाव घेऊन परमुलखात गेलेला एखादा लांबचा नातलग असावा, तशी ती आहे. आपण ओळखत नाही, पण लोक आपल्यालाच त्याची खुशाली विचारतात.

आमच्या घरी रविवारी हॉटेलासारखीच गर्दी असे. वही मात्र नव्हती. वडिलांना मटण आणायला जाताना किंवा येताना कुणीतरी भेटायचंच, आणि भेटलेल्या माणसाला जेवायला न बोलावता सोडणं त्यांना जमत नसे. आई आत चुलीपाशी. दारात काढलेल्या चपला तिला दिसत नसत, पण ऐकू येत. कातड्याच्या करकरत्या चपला होत्या त्या. दाराशी किती करकरल्या यावरून ती माणसं मोजायची. दोन माणसं वाढली की एक तांब्या पाणी. मग चवीपुरतं मीठ, वर थोडी चटणी, आणि एक उकळी. आता हॉटेलांच्या फलकावर 'रस्सा अनलिमिटेड' असं मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असतं. आमच्याकडं तो कायमच अनलिमिटेड होता. कसा, ते आईला आणि तांब्याला ठाऊक. फोडी मात्र वाढत नसत. सगळ्यांचं झाल्यावर ती भाकरी आणि रस्सा घेऊन बसायची, आणि "मला रस्साच आवडतो" म्हणायची. आम्ही त्यावर कितीतरी वर्षं विश्वास ठेवला.

"पुणे सहाऽऽ!" पोरानं पुकारा केला. पुतणी धावली, आम्ही उठलो, आणि आई कठड्याला धरून सावकाश उभी राहत म्हणाली, "चला पुणेकर."

ताटं आली. सुकं, दोन वाट्या, कांदा-लिंबू, भाकरी. तांबडा आणि पांढरा एकाच घरातल्या दोन जावांसारखे असतात. एक तडतडी, दुसरी शांत, पण दोघींची चूल एक. ज्या पाण्यात मटण शिजतं, त्या अळणी पाण्यात अर्ध्याला चटणी मिळते आणि अर्ध्याला नारळाचं दूध, खसखस, तीळ. भावानं मोठ्या रुबाबात "एकदम झणझणीत येऊ दे" असं सांगितलं. वाढप्यानं त्याच्याकडं दयेनं पाहिलं. संकेश्वरी मिरचीशी ओळख नसलेली माणसं त्याला लांबूनच कळत असावीत. दुसऱ्या घासाला भाऊ पांढऱ्याच्या आश्रयाला गेला तो जेवण संपेतो तिथंच राहिला.

आईनं पांढऱ्याचा एक घोट घेतला. आम्ही सगळे तिच्याकडं पाहत होतो. ती काही बोलली नाही. दुसरा घोट घ्यायच्या आधी तिनं मागं वळून पाहिलं.

गर्दीच्या हॉटेलात ज्याला खुर्ची मिळते, त्याच्या पाठीशी पुढचा माणूस उभा राहतो. आपण चावत असतो, आणि आपल्या मानेवर कुणाची तरी भूक श्वास घेत असते. माझ्यासारख्याला त्याची सवय झाली आहे. पाठ निगरगट्ट करून मी शेवटची भाकरीही चवीनं खातो. आईला ते जमेना. आयुष्यभर ती दुसऱ्यांच्या पाठीमागं उभी राहिलेली, कुणाला काय हवं ते पाहत. तिच्यामागं कुणी उभं राहिल्याची ही पहिलीच खेप असेल. मागं एक तरुण बाई होती, कडेवर दोन-अडीच वर्षांचं पोर, पेंगुळलेलं आणि किरकिरं. "कुठनं आलीस गं?" आईनं विचारलं. "नागपूर." एवढं ऐकून आईनं हात पुढं केले आणि पोराला मांडीवर घेतलं. भात मागवला, तो पांढऱ्यात कालवला, फुंकर घालून एकेक घास भरवू लागली. पोर इतकं शांत झालं की त्याच्या आईच्या डोळ्यांत पाणी आलं. तिखटाचं नव्हे, ती अजून जेवली कुठं होती?

तेवढ्यात तो वहीवाला पोरगा आता वाढायला आला. दोन हातांत दोन भांडी, कपाळावर घामाच्या धारा. "आज्जी, पांढरा वाढू?"

"तू जेवलास का?" आईनं विचारलं.

पोरगा थबकला. या प्रश्नाचा दर फलकावर नव्हता. "साडेचारला, आज्जी," तो म्हणाला आणि हसला, आणि मग दुसऱ्या टेबलावरून कुणीतरी हाक मारली म्हणून पळाला. आईनं भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहिलं. तीनला दहा कमी होते. त्यानंतर ती भराभर जेवली आणि आम्हालाही भराभर जेवायला लावलं. पुतणीचं लिंबूसरबत अर्धंच राहिलं. उठताना नागपूरच्या बाईला खुर्चीत बसवून, पोर तिच्याकडं देऊन आणि वाढप्याला "हितं सुकं चांगलं वाढ, फोडी बघून" असं बजावूनच ती दाराकडं वळली.

गाडीत बराच वेळ ती खिडकीबाहेर पाहत होती. मिरजकर तिकटीच्या गर्दीत आम्ही अडकलो, तेव्हा भावानं मागं वळून विचारलं, "मावशी, रस्सा कसा होता?"

"बरा होता की," आई म्हणाली. "पाणी जरा जास्ती झालं हुतं." मग थोडं थांबून, पदरानं हात पुशीत : "पावणं वाढलं असतील त्यांच्यात."