खिशात 40 हजार गाणी

2007 साली ॲपलने 160 जीबीचा आयपॉड काढला. त्यात 40 हजार गाणी मावतील म्हणे. गाणं चार मिनिटांचं धरलं, तरी झोप-जेवण सोडून सलग 111 दिवस. एवढी गाणी होती कोणाकडे, हे विचारायचं नसतं. अमेरिकेतल्या भाच्याकडून असा ऐवज कळंबला पोचला, की चिंतामणीच्या दर्शनालाही मामांच्या खिशातून डोकावणार. आत मात्र हार्ड डिस्कची फिरती तबकडी. यवतमाळच्या एसटीच्या धक्क्यांत तिची खरी परीक्षा. काही आयपॉड पुढे टकटक वाजू लागत. (तो ठेका नव्हे, तबकडीची घरघर.)

गाणी भरायला मूळचा संगणकच हवा. दुसऱ्याला जोडलं की ‘आधीचं सगळं पुसू का?’ असं नम्रपणे विचारणार. आणि मूळचा संगणक न्यू जर्सीत! मोबाइलच्या दुकानातल्या पोराने यंत्र उलटंपालटं केलं. “भाऊ, याचं कार्ड कुठून निंगते जी?” कार्ड नव्हतंच, बॅटरीही आत बंदिस्त. शेजारच्या गिऱ्हाइकाच्या चिनी मोबाइलमध्ये त्याने वीस रुपयांत शे-दोनशे गाणी कोंबली, शिवाय त्या मोबाइलला बाहेर स्पीकरही. मामा अजून भाच्याचीच गाणी ऐकतात. निम्मी इंग्रजी आहेत.