शाकारणीचा वेडेपणा

कोकणातल्या खेडच्या बाजारपेठेत अजून काही वेडी माणसे उरली आहेत. हा लेख त्यांच्या कौतुकासाठी आहे.

आजोबांनी जांभ्या चिऱ्याचे घर बांधले, ओटीवर दुकान मांडले आणि मागे माजघरात संसार केला. नातू आजही त्याच ओटीवर बसतो. सकाळी दुकानाच्या फळ्या एकेक करून खाचेतून काढतो, रात्री त्याच क्रमाने लावतो. मे महिना आला की शाकारणी: कौले उतरवायची, फुटकी बदलायची, वासा कुजला असेल तर नवा घालायचा. एवढ्या वर्षांच्या शाकारणीच्या पैशात स्लॅब टाकून झाला असता, असे त्याला गावातला प्रत्येक शहाणा ऐकवतो.

शहाण्यांचे अगदीच चुकते असे नाही. कौलांवर चढणारा माणूस मिळत नाही, जुन्या लाकडाला हात घालणारा सुतार त्याहून मिळत नाही. प्रॉपर्टी कार्डावर नावे डझनभर, त्यांतली निम्मी मुंबईला. घर बिल्डरला दिले की खाली गाळा, वर फ्लॅट आणि वाटणीही मिटते.

या हिशेबात नदी मात्र धरलेली नसते. खेडला खेटून वाहणाऱ्या नदीचे नावच जगबुडी. तिची धोक्याची पातळी 7 मीटर. 22 जुलै 2021 ला चिपळूण बुडाले, तेव्हा खेडच्या बाजारातही पाणी होते. जुन्या घरात डोक्यावर माळा असतो आणि माजघरातून लाकडी जिना. पाणी चढू लागले की घरची माणसे हातोहात माल वर नेतात. गाळेवाल्याच्या डोक्यावर दुसऱ्याचा फ्लॅट असतो. त्याने रात्री दोन वाजता तांदळाची पोती कुठे न्यायची? माळा बांधणाऱ्या आजोबांना नदी ठाऊक होती. तो माळा न पाडणाऱ्या नातवालाही ठाऊक आहे.

जुनी घरे न पाडल्याने काय होते, ते दूर दक्षिण कोरियातही दिसते. तिथे सोल शहरात इक्सॉन-डोंग नावाची वस्ती आहे. कौलारू छपरे, लाकडी खांब, मध्ये अंगण. कोकणी माणसाला ती परकी वाटू नये. 1920-30 च्या काळातली ही छोटी घरे पाडून नवे बांधायचे, असे 2004 मध्ये ठरले होते. ते रखडले, घरे उभी राहिली आणि आज त्यांत चहाची, कपड्यांची, खाण्याची दुकाने थाटली आहेत. पण त्याच शहरातल्या बुकचोन या अशाच जुन्या वस्तीत पाहुण्यांच्या गर्दीने रहिवासी इतके जेरीस आले, की नोव्हेंबर 2024 पासून काही गल्ल्यांत संध्याकाळी 5 ते सकाळी 10 पर्यंत पर्यटकांना मज्जाव करावा लागला. दुकानाने घर वाचते हे खरे, पण माजघरात राहणारे माणूसही टिकायला हवे. खेडच्या या वेड्यांकडे दोन्ही आहे. पुढे गिऱ्हाईक, मागे स्वयंपाक.

नगर परिषदेने अशा घरांना शाकारणीपुरती तरी घरपट्टीत सूट द्यावी. आणि तुम्ही खेडला आलात तर महामार्गावरच्या भरणे नाक्यावरूनच पुढे जाऊ नका. खाली बाजारात उतरा, फळ्यांचे दुकान शोधा आणि महिन्याचे वाणसामान तिथून भरा.